कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीने किडनी जाते? त्या फॉरवर्डबद्दल

एक मेसेज फिरतोय, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरच तीनदा आला. म्हणे किडनीत गाठ दिसली की डॉक्टर कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी सांगतात ती करू नका, त्या डायने किडनी जाते, शिरेत हवेचे बुडबुडे सोडतात ते हार्टला जाऊन अडकतात, आणि सोनोग्राफीत गाठीचं काही कळतच नाही, सरळ सीटी करा. मी रेडिओलॉजीत काम करते, मागच्या आठवड्यात क्रिएटिनिन २.९ असलेल्या (म्हणजे किडनी बरीच कमजोर) एक काकू हाच मेसेज दाखवून टेबलावरून उठायला निघाल्या, म्हणून लिहितेय.

आधी डायचं. सीटीचा डाय आयोडीनचा, बऱ्याचदा ८०-१०० मिली, आणि तो किडनीतूनच बाहेर पडतो, म्हणून किडनी खूप कमजोर असेल तर जपून द्यावा लागतो. सोनोग्राफीत तो डाय नसतोच हो! आमच्याकडे वापरतात तो सल्फर हेक्साफ्लोराइड गॅस, भोवती फॉस्फोलिपिडचं पातळ कवच. कवच फुटलं की गॅस फुप्फुसात जातो आणि काही मिनिटांत श्वासावाटे बाहेर, किडनीवर त्याचा भार नाही. म्हणजे ज्यांची किडनी आधीच अधू आहे त्यांनाच हा मेसेज घाबरवतोय आणि ही टेस्ट सगळ्यात जास्त त्यांच्याच कामाची आहे, याचा मला खरंच राग येतो.

बुडबुडे म्हणजे हाच कवचातला गॅस. बाटलीत सलाइन घालून २० सेकंद जोरात हलवलं की दुधासारखं पांढरं होतं, त्यातलं एक-दोन मिली शिरेत जातं. एकेक बुडबुडा सरासरी अडीच मायक्रॉनचा, आपली लाल पेशी सात-आठची, मग अडकणार कुठे? रिअ‍ॅक्शन येऊ शकते, गंभीर म्हणाल तर साधारण दहा हजारांत एक, म्हणून टेस्टनंतर थोडा वेळ बसवून ठेवतो. पॉलिइथिलिन ग्लायकॉलची अ‍ॅलर्जी असेल (पोट साफ करायच्या काही पावडरींत हे असतं) तर मात्र आधीच सांगा.

आता 'काही कळत नाही'. साध्या सोनोग्राफीत गाठीला रक्तपुरवठा आहे का ते नीट दिसत नाही हे खरं, त्याचसाठी तर कॉन्ट्रास्ट. काकूंना समजावून परत झोपवलं. स्क्रीनचे दोन भाग, एकीकडे नेहमीचं चित्र, दुसरीकडे अंधार, तिथे रक्तातून आलेले बुडबुडेच तेवढे चमकतात. दहा-पंधरा सेकंदांत किडनीची बाहेरची कड उजळली, मग आतला भाग भरत गेला, आणि गाठ शेवटपर्यंत काळी, एक बुडबुडा आत गेला नाही, म्हणजे रक्तपुरवठाच नाही. गाळ साचलेला सिस्ट (द्रव भरलेली पिशवी), बस. सिस्टमध्ये पातळ पडदे असतील तर त्यातून सरकणारा एकटा बुडबुडासुद्धा लाइव्ह दिसतो, सीटीत जे सुटू शकतं ते.

पण गाठ उजळली म्हणजे कॅन्सरच असंही नाही. ऑन्कोसायटोमा साधी गाठ असून उजळतो, तिथे बायोप्सी लागू शकते. कॅन्सर असेल तर तो छातीत, लिम्फ नोडमध्ये पसरलाय का ते सीटीच सांगणार. आणि पेशंट जाड असेल, मध्ये आतड्यातला गॅस असेल किंवा गाठीत कॅल्शियम असेल तर आम्हालाही धड दिसत नाही, तेव्हा आम्ही स्वतःच सीटी किंवा एमआरआय लिहून देतो.

हा कॉन्ट्रास्ट सगळ्या सेंटरला मिळत नाही, जायच्या आधी फोन करून विचारा.