कादंबरीतली चटणी

परवा एक नवी कादंबरी वाचत होते. गाव आपल्याच भागातलं, कृष्णाकाठचं. नायिका ऐन आषाढात, बाहेर पाऊस कोसळत असताना, वर्षाची चटणी करायला काढते. मी तिथंच पुस्तक मिटलं. अहो, मिरच्या वाळवणार कुठं? माळ्यावर?

आमच्या सांगलीत चटणी म्हणजे आमटीपासून रश्श्यापर्यंत सगळ्यात पडणारं कांदा-लसणाचं लाल तिखट. ती एप्रिल-मेच्या उन्हातच होते. रंगाला ब्याडगी, झटक्याला लवंगी. देठं खुडून बोटांची आग रात्रीपर्यंत जात नाही, आणि चुकून तो हात डोळ्याला लागला तर विचारूच नका. कांदा उभा चिरून वाळवायचा, तळायचा, खोबरं-तीळ-धणे भाजायचे आणि डबे घेऊन डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या यंत्रावर, नंबर लावायचा. तिथं बायका तोंडाला पदर लावून शिंकत, ठसकत एकमेकींना सासवांच्या कागाळ्या सांगत असतात. कथा लिहिणाऱ्याला आणखी काय पाहिजे?

पण हल्लीच्या कथांत जेवण म्हणजे नुसता वास आणि वाफ. चुलीवरची भाकरी, पिठलं, ठेचा, आजीच्या हाताची चव. हायवेवरच्या ढाब्याची पाटीच. भाकरी थापणारी शेवटी जेवली का, पातेल्यात तिच्यासाठी काय उरलं होतं, यावर एक ओळ नाही. आपल्या वाटेगावच्या अण्णाभाऊंच्या 'फकिरा'त दुष्काळ आहे, भूक आहे, आणि त्या भुकेपायी माणसं धान्य लुटायला निघतात. तिथं अन्नामुळं काहीतरी घडतं.

हळदीचंच घ्या. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, आणि गोष्टीतल्या आज्या अजून हळद-दूधच पाजताहेत. हरिपूरच्या पेवांवरची एक तरी कथा दाखवा मला. जमिनीखालचं कोठार, आत हवा नाही म्हणून हळद वर्षानुवर्षं टिकते. आणि म्हणूनच पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नाही, जीव जाईल. २००५ च्या महापुरात अशा पेवांत पाणी शिरलं. (हे कुणी लिहिलं असेल तर कमेंटमध्ये सांगा, आजच मागवते.)

आमचे दोन्ही काका वेगळे झाले तेव्हा शेताची मोजणी नंतर झाली, आधी चटणीची बरणी मधे आली. आजीनं वाटीनं मोजून दोन वाटे केले. खाली अर्धी वाटी उरली. ती आजीनं आपल्या बटव्याशेजारी, कोनाड्यात ठेवली, आणि दोन्ही काकू तिच्याशी दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत.