माती हलवली म्हणजे नेमकं काय केलं? फुकुशिमावरच्या कमेंटला उत्तर

नमस्कार. तुमची कमेंट दोन ओळीत उत्तर देऊन सोडून देण्यासारखी नाही, म्हणून वेगळी पोस्टच टाकतोय. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो: जपानमधल्या फुकुशिमात 2011 मध्ये अणुभट्ट्यांचा अपघात झाला, तिथली जमीन आणि पाणी कसं साफ करतायत यावर मी मागे लिहिलं होतं, त्यावर यांचं म्हणणं असं की किरणोत्सर्ग नष्ट करताच येत नाही, माती इथून उचलून तिथे टाकली आणि पाणी समुद्रात सोडलं ही सरळ धूळफेक आहे, त्यापेक्षा कुंपण घाला, जमीन तशीच सोडून द्या, निसर्ग बघून घेईल. आणि शेवटी विचारलंय की ती माती तुमच्या गावात येऊ द्याल का.

नष्ट करता येत नाही हे शंभर टक्के खरं आहे. तिथे जमिनीवर पडलेलं मुख्य किरणोत्सारी द्रव्य म्हणजे सीझियम-137, ते धुतलं, जाळलं, गाडलं तरी त्याचं अर्धायुष्य 30 वर्षंच राहतं, म्हणजे 2011 मध्ये जेवढं पडलं त्यातलं निम्मं 2041 पर्यंत असणारच आणि हजारावा भाग उरायला तीनशे वर्षं लागणार. शिवराज्याभिषेकाला आता साडेतीनशे वर्षं झाली, त्यावरून काळाचा अंदाज घ्या. पण म्हणूनच तर ते कुठे आहे, कशाला चिकटलंय आणि पाण्यात विरघळतंय की नाही हे एवढं महत्त्वाचं ठरतं, आणि सगळं काम चालतं ते याच्यासाठीच.

ब्राझीलमधल्या गोयानियाचं उदाहरण घ्या. 1987 साली एका बंद पडलेल्या क्लिनिकमधलं रेडिओथेरपीचं मशीन दोघांनी भंगार म्हणून उचललं, फोडलं, आणि आतली अंधारात निळी चमकणारी पूड घरोघरी वाटली गेली. लोकांनी ती अंगाला चोळली, एक सहा वर्षांची मुलगी तेच हात घेऊन जेवली. चार माणसं गेली, त्यात ती मुलगी होती. पूड किती होती, तर जेमतेम 93 ग्रॅम. पण ती सीझियम क्लोराइड होती, मिठासारखी पाण्यात विरघळणारी, त्यामुळे हाताला, जमिनीला, छपराला, जिथे ओल लागली तिथे पसरत गेली. एक लाखाच्या वर लोक तपासावे लागले, घरं पाडावी लागली, अंगणातली माती खरवडून काढावी लागली आणि शेवटी कचरा झाला साडेतीन हजार घनमीटर. तेच सीझियम काचेत ओतलेलं असतं तर त्याचा किरणोत्सर्ग तेवढाच राहिला असता, पण ते असं घराघरात गेलं नसतं. आपल्याकडे ट्रॉम्बे आणि तारापूरला अतिकिरणोत्सारी द्रव कचरा काचेत घट्ट करतात तो याच कारणासाठी.

आता फुकुशिमाची शेतं. तिथे निसर्गाने एक मदत केली, सीझियम चिकणमातीच्या कणांना असं घट्ट धरून बसतं की सहजासहजी खाली उतरत नाही. म्हणून वरची साधारण पाच सेंटीमीटर माती काढली की बहुतेक दूषित भाग त्यात येतो. तो काळ्या पोत्यांमध्ये भरला, एकेक पोतं घनमीटरभराचं, आणि अशी पोती भातखाचरांत वर्षानुवर्षं रचून ठेवलेली होती. काही ठिकाणी खालची माती वर आणि वरची खाली असा पालट केला. शेतीत पोटॅशचं खत वाढवलं, कारण रोपाला सीझियम आणि पोटॅशियममध्ये फारसा फरक कळत नाही, जमिनीत पोटॅश भरपूर असला तर ते सीझियम कमी उचलतं, हे आपल्या कुठल्याही शेतकऱ्याला लगेच पटेल असं काम आहे. 2012 पासून तिथल्या तांदळाची एकूण एक गोणी तपासायला घेतली, किलोला 100 बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) ही मर्यादा, आणि 2015 च्या पिकापासून त्या मर्यादेवर एकही गोणी गेली नाही. याला धूळफेक म्हणायला माझं मन तयार होत नाही हो. कुणीतरी खरंच वाकून ती जमीन खरवडलीय आणि कुणीतरी खरंच प्रत्येक गोणी मशीनखालून काढलीय.

आता तुमचं ते कुंपण घालून सोडून द्या. हा प्रयोग झालाय. सोव्हिएत युनियनमधल्या उरलमध्ये मायाक नावाचा प्लुटोनियमचा कारखाना, त्याने 1949 ते 1956 द्रव कचरा थेट तेचा नदीत सोडला, खालच्या गावांतले लोक तेच पाणी पीत होते आणि त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. 1951 पासून तो कराचाय नावाच्या छोट्या तळ्यात सोडायला लागले, की बाहेर जाणारा ओढाच नाही, पडून राहील तिथे. पडून राहिलं का? 1967 मध्ये दुष्काळ पडला, तळ्याचा काठ उघडा पडला आणि वाऱ्याने ती वाळलेली धूळ उचलून मैलोन्‌मैल नेली. मग काँक्रीटचे पोकळ ठोकळे आणि दगडमाती टाकून टाकून ते तळं बुजवत आणलं, ते पूर्ण झालं 2015 ला, आणि तळ्याखाली झिरपलेलं पाणी भूजलात आहे ते आहेच. वारा आणि पाणी कुंपण बघत नाहीत. आपण नाही हलवलं तर ते स्वतः हलतं, आणि कुठे गेलं ते आपल्याला विचारून जात नाही.

तुमचा राग मात्र मला चुकीचा वाटत नाही, फक्त तो वेगळ्या ठिकाणी लागायला हवा. फुकुशिमात घरांच्या आणि शेतांच्या जवळपासचं साफ झालं, डोंगरावरची जंगलं बहुतेक तशीच आहेत आणि प्रांताचा साधारण 70 टक्के भाग जंगल आहे. ऑक्टोबर 2019 च्या वादळात तामुरामध्ये नदीला पूर आला आणि ठेवलेली पोती वाहून गेली, ही सरळ हलगर्जी. पाण्याचंही तेच. अणुभट्ट्या थंड ठेवताना दूषित झालेलं पाणी टाक्यांमध्ये साठवलंय. गाळण यंत्रणा 62 प्रकारचे किरणोत्सारी घटक काढते, ट्रिटियम काढता येत नाही कारण तो हायड्रोजनचाच किरणोत्सारी प्रकार आहे, पाण्याच्या रेणूतच बसलेलं, त्यामुळे 24 ऑगस्ट 2023 पासून ते लिटरला 1500 बेकरेलच्या आत येईल एवढं पातळ करून सोडतायत. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादाच 10,000 आहे, त्यामुळे त्या आकड्याला मी घाबरत नाही. पण टाक्यांमधल्या बहुतांश पाण्यात बाकीचे घटकसुद्धा मर्यादेच्या वर आहेत हे अणुभट्ट्या चालवणाऱ्या कंपनीने मान्य केलं 2018 मध्ये, तोपर्यंत लोकांचा समज असा की फक्त ट्रिटियम उरलंय. आणि 2015 मध्ये कोळ्यांना शब्द दिला होता की तुम्हाला पटल्याशिवाय पाणी सोडणार नाही, ते विरोध करत राहिले तरी सोडलं. आकडा कितीही बरोबर असू दे, शब्द मोडला तो मोडलाच.

आणि माती. साधारण 1 कोटी 40 लाख घनमीटर, ओकुमा आणि फुताबा या दोन गावांच्या जमिनीवर, जिथल्या लोकांचं सगळं आधीच गेलं होतं. कायद्याने मार्च 2045 पर्यंत ती फुकुशिमाबाहेर न्यायची आहे, कुठे ते ठरलेलं नाही. तीन चतुर्थांश माती किलोला 8000 बेकरेलच्या आतली आहे, ती भरावात वापरायची सरकारची योजना, पण तोक्योतल्या शिंजुकुच्या बागेत थोडीशी वापरून बघू म्हटलं तर आजूबाजूच्या लोकांनी विरोध केला. त्या अणुभट्ट्यांची वीज जायची तोक्योकडे, फुकुशिमाला नाही! जुलै 2025 मध्ये पंतप्रधानांच्या कार्यालयाच्या आवारात ती माती आणून टाकली, चौदा वर्षं उशिरा, तरी टाकली हे बरं केलं.

आता तुमचा प्रश्न. माझ्या गावात येऊ देईन का? 8000 च्या आतली असेल, वर स्वच्छ मातीचा जाड थर असेल, विहिरी आणि ओढ्यापासून लांब असेल, मोजायचं मीटर ग्रामपंचायतीच्या हातात असेल आणि दर महिन्याचे आकडे चावडीवर लागत असतील तर हो, येऊ देईन, ग्रामसभेत उभा राहून बाजूने बोलेन. पण ज्या शहराने वीज वापरली त्याच्या बागेत ती आधी पडली पाहिजे. ते होत नसेल तर त्याच ग्रामसभेत तुमच्या बाजूला बसून विरोधात हात वर करेन.