मार्चमध्ये ओढा बघून काय कळणार?

बातमीत लिहिलंय की पंचगंगेकाठच्या उसाच्या रानात होणाऱ्या गृहप्रकल्पाची पर्यावरण पाहणी झाली आणि 'जागेवर कोणताही नैसर्गिक प्रवाह आढळला नाही', तर ही पाहणी झाली मार्चमध्ये. अहो मार्चमध्ये आमच्याकडं ओढ्यात शेळ्या चरतात, जुलैमध्ये येऊन बघा ना त्याच जागी कमरेएवढं पाणी असतं, बांधाच्या बिळात खेकडे असतात आणि रात्री बेडकांच्या आवाजानं झोप लागत नाही. २०१९ ला कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर, जिथं पंचगंगेची पातळी मोजतात, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४३ आहे, आणि २०२१ ला परत तेच. तेव्हा आमच्या घरात पाणी कुठवर आलं त्याची रेघ अजून भिंतीवर आहे, आईनं मुद्दाम पुसू दिली नाही. आता त्या रानात दहा फूट भराव टाकला की तिथं पसरणारं पाणी कुठं जाणार, शेजारच्या वाडीतच ना? आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेत २० हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते खरी पण बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिलीय, म्हणजे आम्हाला कुणी विचारायलाच येणार नाही. घरं पाहिजेत हो, पोरांना शहरात घर परवडत नाही हे मलाही दिसतंय. पण निळ्या आणि लाल पूररेषेचा, म्हणजे नेहमीचा मोठा पूर आणि क्वचित येणारा महापूर कुठवर येतो ते दाखवणाऱ्या रेषांचा, नकाशा त्या पाहणीच्या अहवालाला जोडा, पावसाळ्यात परत एकदा पाहणी करा, ओढा कुठनं जातो ते मी स्वतः चिखलात उतरून दाखवतो.