रोगाला औषधाची सवय लागत नाही

परवा बारावीच्या चाचणीचे पेपर तपासत होते. प्रश्न साधाच: नैसर्गिक निवडीचं एक उदाहरण स्पष्ट करा, मार्क चार. बहुतेकांनी पुस्तकातला इंग्लंडचा पतंग उतरवला होता, काळा आणि पांढरा, धूर, झाडाची साल वगैरे. एका पोरानं मात्र लिहिलं होतं, ‘आमच्या बागेत दावण्याला औषधाची सवय झाली आहे, म्हणून तो आता मरत नाही. ही नैसर्गिक निवड आहे.’ (दावण्या म्हणजे द्राक्षावरचा डाऊनी मिल्ड्यू हा रोग.)

मी आधी दोन मार्क दिले. मग खोडून एक केला. मग पेपर बाजूला ठेवून चहा टाकायला उठले. कारण अख्ख्या वर्गात सगळ्यात जिवंत उदाहरण त्याचंच होतं, आणि एका शब्दानं ते सगळं उलटं झालं होतं. पंचाईत अशी की तो शब्द माझ्याच घरात रोज बोलला जातो.

सवय.

आमची तासगाव तालुक्यात अडीच एकर द्राक्षबाग आहे. बाग बघतात माझे दीर, आणि सासरे, म्हणजे आण्णा, त्यांच्यावर देखरेख करतात (असं आण्णांचं म्हणणं). मी कॉलेजवर जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे बागेत माझा हुद्दा ‘तुम्ही कायतरी शिकलाय न्हवं, मग सांगा’ एवढाच. एका वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर ढग हटेनात. बाग दोड्यात, म्हणजे घड फुलायच्या बेतात, आणि पानांवर तेलाचा थेंब पडल्यासारखे पिवळे डाग. पान उलटं केलं की खाली पांढरी लव. दीर एक दिवसाआड फवारणीचा ब्लोअर जोडत होते. एका रात्री जेवताना म्हणाले, “वैनी, रोगाला औषधाची सवं झालीया. आता डोस वाढवल्याबगर गत न्हाई.”

मी म्हणाले, “असेल.”

तेव्हा मला उत्क्रांती शिकवून चौदा वर्षं झाली होती. त्या ‘असेल’ची किंमत घरानं मोजली. फुलोऱ्यात घड कुजले, ते पुढं सांगत नाही.

सवय कशाला म्हणतात? मी लग्न होऊन इकडं आले तेव्हा सासूबाईंच्या कांदा-लसूण चटणीनं डोळ्यांतून धारा लागायच्या. आता तीच चटणी भाकरीवर थापून खाते. माणूस तेच, जीभ तीच, बदल माझ्यात झाला. ही सवय. दावण्याच्या बाबतीत असलं काहीही होत नाही. ज्या बीजाणूंवर औषध पडलं आणि लागू झालं, ते मेले. मेलेल्याला कसली सवय? जे वाचले, त्यांच्यात फवारणीच्या आधीपासूनच काहीतरी वेगळं होतं. अनुकूल हवा असली की आठवडाभरात पुढची पिढी तयार होते, आणि ती सगळी या वाचलेल्यांची पिलावळ. एकही बीजाणू बदलला नाही, पण बागेतला दावण्या बदलला.

बेदाण्याच्या शेडवर प्रतवारी करताना बघितलंय ना? चाळण हलली की बारीक बेदाणा खाली पडतो, जाड वर राहतो. चाळणीच्या धाकानं कुठला जाड बेदाणा बारीक झालेला मी तरी पाहिला नाही. बारीक होते ते पहिल्यापासून ढिगात होतेच. फवारणी ही चाळण आहे, आणि खाली पडणारा म्हणजे वाचणारा. इथून पुढं एकच गोष्ट जास्तीची लागते: खाली पडलेला माल पुढच्या आठवड्यात हजारपट होतो. डार्विननं १८५९ साली जे मांडलं त्याचा गाभा एवढा छोटा आहे. सवयीचा सिद्धांतही होता, तो लामार्कचा, १८०९ सालचा. जिराफानं मान ताणली, ती लांब झाली, पोरांना लांब मान मिळाली. आपण सगळे वर्गात डार्विन शिकतो आणि बांधावर लामार्क बोलतो.

“पण मॅडम, आधीपासून होते कशावरून? औषध पडल्यावरच बदलले असतील,” असं दरवर्षी एक तरी पोर विचारतं, आणि मला ते पोर फार आवडतं. कारण हा प्रश्न खरोखरच शास्त्रज्ञांत वादाचा होता. १९४३ साली लुरिया आणि डेलब्रुक यांनी तो जीवाणूंवर गणितानं सोडवला. पण मला वर्गात सांगायला आवडतो तो १९५२ सालचा प्रयोग, एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या नवरा-बायकोचा. त्यात लागलं काय, तर मखमल. त्यांनी एका बशीत जीवाणूंच्या वसाहती वाढवल्या. गोल ठोकळ्यावर मखमलीचं कापड ताणलं आणि ते त्या बशीवर हलकेच दाबलं. मखमलीच्या केसांना जीवाणू चिकटले. मग तेच कापड औषध घातलेल्या नव्या बश्यांवर शिक्क्यासारखं दाबलं. औषधाच्या बश्यांत जवळपास सगळं मेलं, मोजक्या वसाहती उगवल्या. गंमत अशी की प्रत्येक बशीत त्या त्याच जागांवर उगवल्या. औषध पडल्यावर बदल होत असता, तर एका बशीत इथं, दुसरीत तिथं, असं कुठंही झालं असतं. मग ते पहिल्या बशीकडं परत गेले, जिनं औषधाचं तोंडही पाहिलं नव्हतं. त्याच जागेवरचे जीवाणू उचलून बघितले, तर औषधाला न जुमानणारे तिथं आधीच बसलेले. (पुढं १९५८ साली जोशुआला नोबेल मिळालं, एस्थरला नाही. तो वेगळ्या पोस्टचा विषय.)

आता आमच्या बागेकडं. दीर म्हणत होते, “मी काय एकच औषध मारलं न्हाई, तीन बदलली.” खरं होतं. तीन कंपन्या, तीन रंगांच्या बाटल्या, तीन किमती. बाग गेल्यावर मी त्या बाटल्या गोठ्यामागून उचलून आणल्या आणि बारीक अक्षरं वाचली. एकीत अझॉक्सिस्ट्रोबिन, दुसरीत पायराक्लोस्ट्रोबिन, तिसरीत क्रेसॉक्झिम-मिथाईल. नावं वेगळी, गट एक. तिन्ही रोगाच्या तंतुकणिकेतल्या (पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागातल्या) एकाच प्रथिनाला, सायटोक्रोम बीला, एकाच जागी पकडतात आणि त्याचा श्वास कोंडतात. त्या प्रथिनाच्या साखळीत १४३व्या जागेवर ग्लायसिन नावाचा मणी असतो. तिथं अॅलानिन आला की औषधाला पकड मिळत नाही. आणि हा बदल व्हायला जनुकात लागतं काय? हजाराहून जास्त अक्षरांत एक अक्षर. जीजीटीच्या जागी जीसीटी. नकलताना झालेली एक चूक, शाळेत वेलांटी चुकावी तशी. अझॉक्सिस्ट्रोबिन १९९६ साली बाजारात आलं, आणि चार-पाच वर्षांत युरोपातल्या द्राक्षबागांत ही वेलांटी चुकलेला दावण्या सापडला. आपल्या महाराष्ट्रातल्या बागांतही तो सापडलेला आहे.

म्हणून ‘सवय’ हा नुसता शब्दाचा घोळ नाही. सवय म्हटलं की पुढचा विचार आपोआप येतो: अजून कडक मारा. चटणी पचायला लागली तर अजून तिखट करा. पण पकडायची जागाच बदलली असेल तर दुप्पट डोस म्हणजे तीच चाळण दुप्पट वेळ हलवणं. निवड म्हटलं तर वेगळा विचार येतो: चाळणच बदला. वेगळ्या जागी घाव घालणारं औषध आणा, आलटून पालटून वापरा, एकच गट लागोपाठ मारू नका. द्राक्ष संशोधन केंद्रवाले हेच सांगून दमले. त्यांचं ऐकू येत नाही, कारण आपल्या डोक्यात रोग म्हणजे औषध पिऊन पिऊन निबर झालेला एखादा पैलवान असतो.

याच्या उलटा मासला म्हणजे बोर्डो. मोरचूद आणि चुना. फ्रान्समध्ये बोर्डोच्या भागात वाटसरू द्राक्षं तोडून खायचे, म्हणून बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळं मिश्रण शिंपडायचे, विषारी दिसावं म्हणून. (चोरी राखायच्या युक्त्यांत आपला आणि फ्रान्सचा शेतकरी सख्खा भाऊ.) मिलार्डे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८८२ साली बघितलं की रस्त्याकडेच्या वेलींवर पानं टिकलीत, आतल्यांची झडलीत. १८८५ साली त्यानं ते छापलं. तांबं रोगाच्या पेशीत एका जागी नाही, अनेक प्रथिनांवर एकदम घाव घालतं, आणि एकाच वेळी दहा ठिकाणी वेलांट्या चुकलेला बीजाणू मिळणं जवळपास अशक्य. म्हणून दावण्यानं बोर्डोवर अजून उपाय शोधलेला नाही. बघा, ‘शोधलेला’ म्हटलं मी. भाषाच अशी आहे, रोगाला डोकं असल्यासारखं बोलायला लावते.

आता वर्गीकरणाचं. हा पोरांचा सगळ्यात नावडता धडा. व्हिटाकर, १९६९, पाच सृष्टी: मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी. घोकायचं, लिहायचं, विसरायचं. मलाही तो बरीच वर्षं रटाळ वाटायचा. त्यात मराठीत शब्दांची खिचडी. पुस्तकात प्रजाती म्हणजे वरची पायरी आणि जाती म्हणजे खालची, पेपरवाले नेमकं उलटं छापतात, आणि गावात ‘जात’ म्हटलं की खिल्लारपासून सोयरिकीपर्यंत काहीही. हा गुंता कुणीतरी सोडवला पाहिजे, मी नाही.

पण दावण्या आणि भुरी, म्हणजे द्राक्षावरचा दुसरा रोग, शेजारी ठेवून बघा. दोन्ही पांढरी, दोन्ही पानावर, आणि दोन्हींना आपण बुरशीच म्हणतो. भुरी खरीच बुरशी आहे. दावण्या नाही. त्याच्या पेशीची भिंत कायटिनची नसते, सेल्युलोजची असते. त्याचे बीजाणू पाण्यात दोन शेपट्यांनी पोहतात, म्हणून तर तो पावसावर आणि दवावर जगतो. नात्यानं तो समुद्रातल्या तपकिरी शेवाळांच्या भावकीतला. आणि खरी बुरशी वंशावळीत दावण्यापेक्षा प्राण्यांना जवळची आहे, म्हणजे भुरी आपल्याला जास्त जवळची. हे वर्गात सांगितलं की पोरं हसतात. पण खिशाशी संबंध असा: हेक्झाकोनॅझोल हे औषध भुरीच्या पेशीपटलाला लागणारं एर्गोस्टेरॉल बनू देत नाही. दावण्या एर्गोस्टेरॉल बनवतच नाही, त्यामुळे त्याच्यावर ते मारणं म्हणजे पाणी मारणं. उलट मेटॅलॅक्झिल दावण्यावर चालतं, भुरीला त्याचं सोयरसुतक नाही. चुकीच्या सृष्टीत टाकलं की टाकीभर पैसे गेले.

या लढाईत आपली बाजू कशी, तर कलमांची. बागेतली प्रत्येक वेल दुसरीची तंतोतंत नक्कल. तरी त्या नकलेतही कधीतरी अक्षर चुकतं. आपल्या तासगावचा ‘तास-ए-गणेश’ हा द्राक्षाचा वाण असाच, थॉमसन या वाणाच्या वेलीवर एका डोळ्यात झालेल्या बदलातून आलेला. कुठल्या प्रयोगशाळेत नाही, इथल्या शेतकऱ्याच्या नजरेत तो आला, त्यानं तीच काडी निवडली आणि लावली. आण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, “मंग त्येला काय डार्विन लागतोय व्हय? नजर लागती.” मला वाटतं डार्विनला हे पटलं असतं. त्याच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण कबुतरं पाळणाऱ्यांवर आणि माळ्यांवरच आहे.

२०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, तेव्हा अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाचं पत्र काढलं. मलाही राग आला होता. आपल्या राज्याच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा दहावीच्या विज्ञान भाग दोनचा पहिलाच धडा आहे, याचं बरंही वाटलं. पण खरं सांगू? तो धडा पुस्तकात असूनही माझ्या जेवणाच्या ताटापर्यंत आला नव्हता. अँटिबायोटिकचंही तेच. ‘मला त्या गोळ्यांची सवय झाली, आता लागू पडत नाहीत’ असं स्टाफरूममध्ये विज्ञानाचे शिक्षक बोलतात. सवय तुमच्या अंगाला झालेली नसते हो. आतले जीवाणू वेगळे आहेत.

तर तो पेपर. चहा पिऊन आले आणि तीन मार्क दिले. ‘सवय’ला गोल करून बाजूला लिहिलं, ‘हा शब्द काढून उत्तर पुन्हा लिही, चौथा मार्क देते.’ दुसऱ्या दिवशी पोरगा वही घेऊन आला. उत्तर बरोबर होतं. खाली त्यानं घरातल्या औषधांची यादी केली होती, सात नावं, आणि विचारलं होतं की यातली एका चाळणीची कुठली.

कालपासून ढग आलेत. आत्ताच दिरांनी व्हॉट्सअॅपवर बाटलीचा फोटो टाकलाय, नेहमीसारखा अर्धा अंगठ्यानं झाकलेला. खाली लिहिलंय, ‘वैनी ह्यो कुठल्या गटातला? दुकानदार म्हणतोय नवीन हाय.’ अक्षरं वाचता येत नाहीत. फोन लावते.