लेहला गाडी सुरू न झाल्याबद्दलच्या तुमच्या रिव्ह्यूला आमच्या गॅरेजचं उत्तर

नमस्कार ताई,

लहान मुलं सोबत, लेहची थंडी आणि गाडी दुपारपर्यंत सुरूच होत नाही, हे वाचून फार वाईट वाटलं. तुमचा राग समजतो. पण 'डुप्लिकेट फिल्टर घालून पैसे उकळले' असं तुम्ही जाहीर लिहिलंय, म्हणून उत्तरही इथेच देतो.

तिथल्या मेकॅनिकने डिझेलचा फिल्टर उघडून आतला पांढरट चिकट थर दाखवला, तो कचरा नाही. ते डिझेलमधलंच मेण आहे. डिझेलमध्ये ते विरघळलेलं असतं. मुंबईत तेवढी थंडीच पडत नाही, म्हणून आपल्याला कधी दिसत नाही. पारा खाली गेला की आधी डिझेल गढूळतं, मग मेणाचे कण फिल्टरच्या कागदावर बसतात आणि पंपापर्यंत डिझेल पोहोचत नाही. ओरिजिनल फिल्टरही अशाने चोंदतोच. तुमच्या गाडीत ओरिजिनलच घातला होता. त्याचं खोकं आणि जुना फिल्टर डिकीत ठेवलाय, बघून घ्या.

तुम्हीच लिहिलंय की श्रीनगरला टाकी फुल केली आणि लेहला पोहोचलात तेव्हा अर्ध्याहून जास्त शिल्लक होती. अडचण तिथे आहे. आपल्या देशात साध्या डिझेलचं मानक असं, की हिवाळ्यात ते 6 अंशांपर्यंत फिल्टरमधून गेलं पाहिजे. प्रत्यक्षात त्याखालीही थोडं तग धरतं, पण लेहच्या रात्री उघड्यावर उभ्या गाडीत नाही. म्हणूनच इंडियन ऑइलने नोव्हेंबर 2019 मध्ये लडाखसाठी वेगळं विंटर डिझेल आणलं, ते उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहतं. जॉबकार्डवर आम्ही लिहून दिलं होतं: साधं डिझेल संपवत जा, कारगिल-लेहला विंटर डिझेल भरा आणि लगेच पार्क न करता गाडी थोडी फिरवा, म्हणजे ते फिल्टरपर्यंत जाईल. फिल्टरखालचं पाणी आम्ही काढून दिलं होतं, बॅटरी आणि ग्लो प्लगही (थंड इंजिन सुरू व्हावं म्हणून आतून तापवणारे) तपासले होते. पण टाकीत कुठलं डिझेल पडतं, ते आमच्या हातात नाही.

'केरोसीन टाकायचं असतं हेसुद्धा यांनी सांगितलं नाही', या तक्रारीबद्दल मात्र ठाम बोलतो. आम्ही ते कधीच सांगणार नाही. जुन्या ट्रकांत चालून जायचं. तुमची गाडी कॉमन रेल आहे, म्हणजे एकच पंप खूप दाबाने सगळ्या इंजेक्टरांना (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) डिझेल पुरवतो. तिच्या हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं आणि केरोसीनने ते कमी होतं. पंप झिजला की त्याचा चुरा इंजेक्टरपर्यंत जातो आणि खर्च फिल्टरच्या कितीतरी पट होतो. बाटलीतलं अ‍ॅडिटिव्हही मेण धरायच्या आधी घातलं तरच उपयोगी. एकदा गोठल्यावर गाडी उबेला नेणं हाच उपाय. टाकीखाली शेगडी कुणालाही पेटवू देऊ नका.

मुंबईत आलात की गाडी घेऊन या, फिल्टर आणि लाइन तपासायचे पैसे घेणार नाही. फक्त टाकीत केरोसीन गेलं का आणि किती, ते नक्की सांगा. त्यावरच इंजेक्टर उतरवायचे की नाही ते ठरेल.