मार्च महिन्यात कोचपेक्षा शहाणं कसं व्हावं

मार्च म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या मोठ्या स्पर्धेचा महिना, एक सामना हरला की संघ घरी. तेव्हा सगळ्यात आधी मनाशी पक्कं करा की तुम्हाला बास्केटबॉल कळतो. शाळेच्या मैदानावरच्या रिंगला जाळी नव्हती आणि एकुलता एक चेंडू पीटीच्या सरांच्या कपाटात कुलपात असायचा, हा तपशील इथं कुणाला सांगत बसू नका. तुम्ही एमएस करायला अमेरिकेच्या मिडवेस्टात आलात, पहिल्याच हिवाळ्यात कानटोपी घालून विद्यार्थ्यांच्या रांगेत दोन तास कुडकुडलात, आत गेल्यावर कॉलेजच्या बँडनं कानठळ्या बसवल्या आणि तुम्ही बाटलात. एवढी पात्रता पुष्कळ झाली. बाकाशेजारी येरझाऱ्या घालणारा तो कोच तीस वर्षं हेच करतोय आणि त्याचे वर्षाला काही दशलक्ष डॉलर मोजून घेतोय, म्हणून त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं असं समजायचं कारण नाही. तुम्ही हेच काम फुकट करताय. निष्ठा कुणाची मोठी?

आता आकड्यांकडे वळू. पूर्वी "पोरांच्यात जिगरच नाही" एवढ्यावर भागायचं. हल्ली भागत नाही. हल्ली तुमच्याकडे केन पोमरॉयच्या क्रमवारीची वर्गणी हवी. हा गृहस्थ मूळचा हवामानशास्त्रज्ञ, सरकारी हवामान खात्यात नोकरी केलेला. दर 100 पझेशनमागे, म्हणजे चेंडू ताब्यात आल्याच्या शंभर खेपांमागे, संघ किती गुण करतो आणि किती देतो, शिवाय समोरचा कोण तालेवार होता, असा सगळा हिशोब मांडून तो साडेतीनशेहून जास्त संघांना ओळीनं उभं करतो. कोच मंडळीही त्याचे तक्ते उघडून बसतात. आता तुम्ही पडलात पुण्याचे. हवामान खातं म्हणालं "आज कोरडं", की रेनकोट डिकीत टाकणारी आपली माणसं. हा संस्कार इथं फार कामी येतो. संघ जिंकला तर म्हणायचं, "आकडे कधी खोटं बोलत नाहीत." हरला तर म्हणायचं, "या आकडेवाल्यांनी खेळाचा सत्यानाश केला." दोन्ही वाक्यं एकाच आठवड्यात म्हणायला लाजू नका. आठवड्याला दोन सामने असतात, तेव्हा तशी वेळ येणारच.

एक गणित मात्र पाठ करून ठेवा, कारण सगळं भांडण त्यावरून आहे. कॉलेजच्या खेळात तीन गुणांची रेषा 1986-87 च्या हंगामापासून सगळीकडे आली आणि 2019-20 पासून पुरुषांसाठी ती 22 फुटांच्याही थोडी पलीकडे गेली. तिथून 100 शॉट मारले तर साधारण 34 जातात. झाले 102 गुण. तेच रेषेच्या आतून, पंधरा फुटांवरून मारा. चाळीस जाऊ देत, तरी गुण 80 च. म्हणून आकडेवाला कोच सांगतो की मारायचं तर बाहेरून मारा नाहीतर थेट रिंगखाली घुसा, मधली जागा म्हणजे निव्वळ तोटा. अलाबामाचा नेट ओट्स हा त्या पंथाचा मोठा महंत. हायस्कुलात गणित शिकवलेला माणूस, आणि 2024 मध्ये त्यानं अलाबामाला पहिल्यांदा फायनल फोरपर्यंत, म्हणजे शेवटच्या चार संघांत नेलं. चौथीतल्या पोराला पटेल असं हे गणित आहे.

तुम्ही ते पटवून घ्यायचं नाही. कारण गणित शंभर शॉटचं असतं आणि आपला जीव टांगलेला असतो एका शॉटला. आपला गार्ड पंधरा फुटांवर मोकळा उभा आहे, जवळपास चिटपाखरू नाही, आणि तो चेंडू कोपऱ्यातल्या पोराकडे देतो. कोपऱ्यातल्याचा शॉट रिंगच्या कडेला लागून तिसऱ्या रांगेत जातो. त्या क्षणी 102 आणि 80 कुणाला आठवतात हो?

इथं एक हातखंडा युक्ती सांगतो, बारा वर्षांच्या तपश्चर्येतून आलेली आहे. चेंडू हवेत असताना मोठ्यानं "अरे काय" एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. आत गेला तर "मारलंय!" जोडायचं. बाहेर आला तर "चाललंय!" जोडायचं. आवाजाची पट्टी तीच ठेवली तर शेजारी बसलेल्यांना वाटतं, ह्याला आधीच कळलं होतं.

उदाहरणं हाताशी असू द्यावीत. 17 मार्च 2023. पर्ड्यूकडे 7 फूट 4 इंचांचा झॅक ईडी, मानांकन पहिलं. समोर फेअरले डिकिन्सन, मानांकन सोळावं, म्हणजे सगळ्यात तळचं, आणि पहिल्या डिव्हिजनमधला सगळ्यात बुटका संघ. पर्ड्यूनं बाहेरून 26 मारले, त्यातले 5 गेले आणि सामना 63-58 असा हातचा गेला. इथं तुम्ही कपाळावर हात मारून म्हणायचं, "अरे, आत ताडाचं झाड उभं आहे आणि हे बाहेरून दगड मारत बसलेत!" फेअरले डिकिन्सनच्या पोरांनी त्या झाडाच्या पुढं एक आणि मागं एक उभं राहून चेंडूची वाटच अडवली होती, हे बोलायचं नाही. त्यानं मजा जाते.

बरोबर एक वर्षानं, मार्च 2024 मध्ये, ओकलंडच्या जॅक गोल्कीनं केंटकीला बाहेरून 10 थ्री मारून घरी पाठवलं. या बहाद्दरानं अख्ख्या हंगामात दोन गुणांचे शॉट मारले होते आठ. मोजून आठ! हे बघून मात्र म्हणायचं, "याला म्हणतात हिंमत." आपल्या कोचनं हेच केलं तर तो हट्ट, ओकलंडनं केलं तर हिंमत. फरक एवढाच की त्यांचे गेले.

सामना संपल्यावर कोच पत्रकारांसमोर येतो आणि ठरलेलं वाक्य टाकतो: शॉट चांगले मिळाले, पडले नाहीत. हे आपल्याला नवं नाही. "पेपर सोपा होता, मार्क पडले नाहीत" असं सांगत आपण दहावी-बारावी काढली आहे. पण घरी त्यावर काय मिळालं होतं ते आठवा आणि कोचला तेच द्या.

आता शेवटच्या दहा सेकंदांचा प्रश्न. तुमचा संघ तीन गुणांनी पुढं आहे आणि चेंडू त्यांच्याकडे. मुद्दाम फाउल करायचा का? केला तर त्यांना दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता मारायचे एकेका गुणाचे दोन शॉट, फार तर दोन गुण, तुम्ही अजूनही एकानं पुढं. नाही केला तर ते तीनचा मारून बरोबरी करू शकतात. हा वाद इतका जुना आणि इतका गोड आहे की त्यापुढं मटणात खोबरं की दाण्याचं कूट हा वादही फिका पडावा. आकडेवाल्यांतही यावर एकमत नाही, कारण दुसरा फ्री थ्रो मुद्दाम चुकवून रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उसळलेला चेंडू, पळवणारेही असतात. म्हणजे तुमची दोन्हीकडून सोय झाली. कोच जे करेल त्याच्या उलट तुमचं मत होतं.

2008 च्या अंतिम सामन्यात मेम्फिस सव्वादोन मिनिटं उरली असताना कॅन्सासच्या 9 गुण पुढं होतं. मग मेम्फिसच्या पोरांना फ्री थ्रो लागेनात आणि उरली फक्त तीन गुणांची आघाडी. मेम्फिसनं फाउल केला नाही आणि मारिओ चाल्मर्सनं 2.1 सेकंद शिल्लक असताना तीनचा मारला. ओव्हरटाइममध्ये कॅन्सास 75-68 नं जिंकलं. कोच जॉन कॅलिपारीनं नंतर सांगितलं की फाउल करायचाच होता, पोरांना जमला नाही. तरीही गेली कित्येक वर्षं लोक विचारतात, "फाउल का नाही केला?" असे प्रश्न उत्तर मिळालं म्हणून सोडायचे नसतात.

गंमत बघा, 1992 मध्येही घड्याळात 2.1 सेकंदच होते. केंटकी एका गुणानं पुढं, ड्यूकचा ग्रँट हिल दुसऱ्या टोकाला रेषेबाहेरून चेंडू टाकणार. केंटकीच्या रिक पिटिनोनं त्याच्यासमोर कुणालाच उभं केलं नाही. दोघं पाठवले ख्रिश्चन लेटनरवर. हिलनं जवळजवळ अख्खं मैदान ओलांडून चेंडू फेकला, लेटनरनं झेलला, एक टप्पा दिला, वळला आणि मारला. ड्यूक 104, केंटकी 103. चारच वर्षांनी पिटिनोनं केंटकीला विजेतेपद मिळवून दिलं. पण चहाच्या टेबलावर विजेतेपदाचा विषय दोन मिनिटांत संपतो आणि हिलसमोर कुणी का नव्हतं हा विषय दुसरा चहा मागवायला लावतो.

ब्रॅकेट, म्हणजे स्पर्धेच्या निकालांच्या भाकितांचा तक्ता, भरायचा राहू देऊ नका. 63 सामन्यांचे निकाल आधीच लिहून द्यायचे, एवढंच काम. शक्यता साधारण 92 परार्ध. एकं-दहं-शतं पाठ करताना शेवटी येणारा तो परार्ध आयुष्यात कशाला लागणार, असं वाटायचं ना? तो इथं लागतो. ऑफिसात हटकून पहिली येते ती रिसेप्शनवरची बाई, जिनं जर्सीचे रंग बघून खुणा केलेल्या असतात. तिचं अभिनंदन करताना पोमरॉयचा विषय काढू नये.

कोचला हाकला, ही मागणी मात्र सतत चालू ठेवा. 2018 मध्ये व्हर्जिनियानं इतिहास घडवला होता: त्याआधी पहिलं मानांकन सोळाव्याकडून 135 सामन्यांत एकदाही हरलं नव्हतं, आणि हे हरले तेही 20 गुणांनी. टोनी बेनेटला हाकला, त्याचा तो कासवाच्या गतीचा खेळ मार्चमध्ये चालत नाही, हे तेव्हाचं पेटंट मत होतं. पुढच्याच वर्षी तोच कोच बहुतेक तीच पोरं घेऊन विजेता झाला. अशा वेळी मत बदलायचं नसतं, फक्त काही दिवस फोन सायलेंटवर ठेवायचा असतो. आणि हाकलायचा खर्च? लुइव्हिलनं 2 हंगामांत 12 विजय आणि 52 पराभव देणाऱ्या केनी पेनला 2024 मध्ये निरोप दिला, तर करारापोटी सुमारे 80 लाख डॉलर द्यायची वेळ आली. आपल्याकडे मास्तरनं असा निकाल लावला तर गडचिरोलीला बदली होते. असो.

राहता राहिला तो दोन फाउलांचा विषय. हा माझा दुखरा दात आहे, म्हणून शेवटी ठेवला.

कॉलेजच्या खेळात पाच फाउल झाले की खेळाडू बाद. सामना 20-20 मिनिटांच्या दोन हाफचा. पहिल्या हाफात कुणाचे दोन फाउल झाले की बरेच कोच त्याला हाफ संपेपर्यंत बाकावर बसवतात. का, तर पुढं तो बाद होऊ नये. पोळी करपेल म्हणून तव्यावरच न टाकण्याचा हा प्रकार. जे कोच बाकी सगळीकडे दशांश चिन्हापर्यंत आकडे मोजतात तेही इथं आजीच्या बटव्यातला उपाय करतात. कोण कोच अशा पोराला किती वेळ खेळवतो याचाही तक्ता पोमरॉय ठेवतो. माझ्या कोचचा आकडा मी बघितलाय. तेव्हापासून बघायचं सोडलंय.

आमचं विद्यापीठ कुठलं ते सांगत नाही, उगाच कुणी वाचेल. तर शुक्रवारची रात्र, पहिल्या फेरीचा सामना, 9.40 ला सुरू. सांगलीत शनिवारची सकाळ, 7.10. बाबांना व्हिडिओ कॉल लावून फोन लसणाच्या चटणीच्या बरणीला टेकवला होता, टीव्हीकडे तोंड करून. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. बास्केटबॉल त्यांनी माझ्यामुळं बघायला घेतला आणि तोही अशाच तिरक्या कोनातून. आठव्या मिनिटाला आमच्या सेंटरचा दुसरा फाउल झाला आणि कोचनं त्याला बसवला. बघता बघता अकराची आघाडी वितळली.

"तो उंच पोरगा कुठं गेला रे?" बरणीजवळून आवाज आला.

"बसवलाय. दोन फाउल झाले."

"कितीला बाद होतो?"

"पाचला."

बाबांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "मग अजून तीन आहेत की."

मी त्यांना समजावलं. धोका, दुसरा हाफ, शेवटची पाच मिनिटं, सगळं सांगितलं. म्हणजे ज्या कोचला मी बारा वर्षं शिव्या घालतोय त्याची वकिली मीच केली, तीही आमच्या हेडमास्तरांसमोर. शेवटी आम्ही तीननं पुढं होतो, आठ सेकंद होते, कोचनं टाइमआउट घेऊन सहायकाच्या हातातला कागद बघितला आणि फाउल केला नाही. मी "अरे काय" म्हणून थांबलो. त्यांचा तीनचा गेला. ओव्हरटाइममध्ये चारनं हरलो.

स्क्रीनवर खेळाडूंची आकडेवारी आली. आमच्या सेंटरच्या नावापुढं 24 मिनिटं आणि 3 फाउल.

"म्हणजे दोन शिल्लक राहिले," बाबा म्हणाले. "हक्काच्या रजेसारखे पुढच्या वर्षी जमा होतात काय रे ते?"

"थांबा," मी लॅपटॉप ओढत म्हणालो, "बघून सांगतो."