हसून झालं असेल तर आता त्यांना फोन करा

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सी विंगमधल्या एका काकांच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. पत्रिका कसली, एपीके फाइल (म्हणजे दाबली की अँड्रॉइड फोनमधे ॲप टाकणारी), आणि खाली 'सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे'. मग काय, सुरूच झालं. काकांचं हे कितवं, आहेर आणायचा का, लोळून हसणारे स्टिकर, एकाने तर लिहिलं की रिटायर माणसांच्या हातात स्मार्टफोन देऊच नये. शेवटी ॲडमिनसाहेबांनी काकांना ग्रुपमधून उडवलं. झालं कर्तव्य! एवढ्या मोठ्या ग्रुपमधे एकालाही वाटलं नाही की चार पायऱ्या चढून जाऊन त्यांची बेल वाजवावी.

मी गेले. काका पेपर वाचत बसलेले. व्हॉट्सअॅप सकाळपासून आपोआप लॉगआउट झालंय, नेटचा काहीतरी प्रॉब्लेम असेल म्हणाले. काय झालंय ते सांगितलं तर माणसाने खात्यातल्या पैशांचं नाव काढलं नाही, पहिला प्रश्न काय तर "ग्रुपवर काय काय बोलतायत?"

मला तिथल्या तिथे आमचा मामा आठवला. कराडजवळ राहतो, डेअरीला दूध घालतो. त्याला गेल्या वर्षी आरटीओ चलानचा असाच मेसेज आलेला, सोबत फाइल. आता तुम्ही म्हणाल उघडलीच कशाला, तर त्याला आधी एकदा कोल्हापूर नाक्यावर खरोखरचा हेल्मेटचा दंड झालेला, त्यामुळे त्याला वाटलं तोच भरायचा राहिला. फाइल दाबली, फोनने ओरडून सांगितलं की हे धोक्याचं असू शकतं, हा आपला पुढे पुढे दाबत गेला, मेसेज वाचायची परवानगी मागितली तीही दिली. स्क्रीन कोरी झाली आणि ॲपचं चित्रच गायब! मामाला वाटलं फाइल खराब असेल, गेला धार काढायला.

आता यातली मेख समजून घ्या कारण हसणाऱ्यांपैकी निम्म्यांना ती माहीत नाही. ते ॲप कुठे गेलेलं नसतं, फक्त चित्र लपवून आत बसलेलं असतं आणि तुमच्या फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी चोराकडे पाठवत असतं. बँकेचाही आणि व्हॉट्सअॅपचाही. व्हॉट्सअॅपचा ओटीपी मिळाला की तुमचा नंबर त्याच्या फोनवर चालू, तुम्ही बाहेर, आणि मग तीच फाइल तुमच्या नावाने तुमच्या सगळ्या ग्रुपवर. म्हणून तर ती बऱ्याचदा ओळखीच्याच माणसाकडून येते. काकांनी काही पाठवलं नव्हतं हो! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आणि हे 'अडाणी लोकांचं काम' वगैरे तर मला सांगूच नका. २०१८ च्या ऑगस्टमधे आपल्या पुण्यातल्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर, म्हणजे असंच चोरटं सॉफ्टवेअर, घुसवून ९४ कोटी रुपये नेले, २८ देशांतल्या एटीएममधून नोटा निघाल्या. २०१७ मधे न्हावाशेवा बंदरातलं एक अख्खं टर्मिनल ठप्प झालं, कारण ते चालवणाऱ्या जगातल्या बलाढ्य शिपिंग कंपनीची कॉम्प्युटर सिस्टीम मालवेअरने आडवी केली होती. तिथे काय दूध घालणारे मामा बसले होते? तेव्हा नाही कोणी हसून लोळणारे स्टिकर टाकले.

बरं, मान्य, मामाने फाइलच्या नावाच्या शेवटी काय लिहिलंय ते बघायला पाहिजे होतं. पत्रिका असो नाहीतर चलान, शेवटी एपीके दिसलं की हात लावायचा नाही, कुठलीच बँक, कुठलंच आरटीओ व्हॉट्सअॅपवर ॲप पाठवत नसतं. एवढं शिकण्यासारखं आहे, नाही कोण म्हणतंय.

पण आज सगळ्यात जास्त हसणारा जो होता ना, आयटीतला, त्याच्या लॅपटॉपमधे क्रॅक केलेलं, म्हणजे कुलूप तोडून फुकटात वापरलेलं, फोटोशॉप आहे. मला माहितीये कारण तोच सगळ्यांना कौतुकाने वाटत असतो. त्या क्रॅकसोबत पहिली सूचनाच असते की आधी अँटिव्हायरस बंद करा, आणि हा विद्वान मुकाट बंद करतो! म्हणजे चोरासाठी वॉचमनला सुट्टी देतो. असल्या क्रॅकमधून येणारं मालवेअर ब्राउझरमधे सेव्ह केलेले सगळे पासवर्ड उचलून नेतं, वर लॉगिन असलेल्या साइट्सच्या कुकीज, म्हणजे 'हा माणूस आत आलेला आहे' अशा खुणेच्या फाइल्स, नेतं, म्हणजे तिकडे ओटीपीसुद्धा विचारला जात नाही. मामाने निदान दंड भरण्यासाठी फाइल उघडली होती, फुकट्या सॉफ्टवेअरसाठी नाही. (आयफोनवाल्यांनीही फार मान ताठ करू नका. एपीके तुमच्याकडे चालत नाही हे खरंय, पण पेगासस नावाचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर आयफोनमधेही घुसलंच होतं, तेही कशावर क्लिक न करता.)

खरा राग कशाचा येतो सांगू का. मामाला रात्रीच कळलं होतं. पहिला पैसे कटल्याचा मेसेज आला, रक्कम किरकोळ होती. पण मामीचा भाऊ बँकेत, तो आयुष्यभर ऐकवेल, गावात चेष्टा होईल म्हणून हा माणूस रात्रभर गप्प पडून राहिला. आणि रात्रभरात थोडे थोडे करत दुधाच्या बिलाचे सगळे पैसे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मला फोन, आवाज एकदम खाली, "पोरी, कुणाला सांगू नगंस."

त्या रात्रीच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला असता तर पैसे पुढच्या खात्यात गोठवायचा निदान चान्स होता. बँकेला कळवलं असतं तर रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे, चूक ग्राहकाची असली तरी कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेने सोसायचं. म्हणजे तक्रार करायला एक एक तास उशीर म्हणजे आपल्या खिशातले पैसे. ती रात्र चोरामुळे वाया नाही गेली, लोक काय म्हणतील यामुळे गेली. आणि ते 'लोक' म्हणजे आपणच, स्टिकर टाकणारे.

मामाच्या फोनमधून ते काढतानाही नाकी नऊ आले. अनइन्स्टॉल करायला जावं तर सेटिंगचं पान आपोआप बंद व्हायचं. शेवटी नेट बंद करून फोन सेफ मोडमधे सुरू केला, तिथे बाहेरून टाकलेली ॲप्स चालत नाहीत. मग सेटिंगमधल्या डिव्हाइस ॲडमिनमधून (फोनवर ताबा असलेल्या ॲप्सची यादी) त्याचा हक्क काढला आणि मगच ते गेलं. काकांचा फोनही आज असाच साफ केला. आधी माझ्या फोनवरून त्यांच्या बँकेला फोन, मग १९३०, आणि पासवर्ड त्यांच्या मुलीच्या लॅपटॉपवरून बदलले, कारण त्याच फोनवर बदलले तर नवेसुद्धा चोरालाच मिळायचे.

तुम्ही सगळे चांगली माणसं आहात, मुद्दाम कोणी करत नाही, मला माहितीये. जरा जास्तच बोलले असेन. तर आज रात्री घरातल्या मोठ्यांचे फोन घ्या, सेटिंगमधे अज्ञात ॲप इन्स्टॉल करायची परवानगी शोधा, तिथे व्हॉट्सअॅप आणि क्रोमपुढचं बटण बंद करा. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे धोक्याची ॲप्स तपासणारी सोय, चालू आहे का बघा. आणि हे करताना लेक्चर देऊ नका, फक्त म्हणा की काही उलटसुलट दाबलं गेलं तर पहिला फोन मला.

माझा नंबर सगळ्यांकडे आहेच, रात्री अडीच वाजता केलात तरी उचलेन. फक्त अँटिव्हायरस कुठला घेऊ हे विचारायला करू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी तर आधी ते क्रॅकवालं काढा.